एक्स-रे नॉर्मल आलाय, तरी भावाला संधिवाताच्या डॉक्टरांकडे आत्ताच न्यावं का?

कराडची_लेक
भाऊ २४ वर्षांचा, चाकणला कंपनीत आहे. सात-आठ महिने कंबर दुखतेय. पहाटे चारला जाग येते, खोलीत फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी बूट घालायला वाकता येत नाही, दहापर्यंत सगळं सुरळीत. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नॉर्मल. बेल्ट आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळी चालू तोवर एकदम छान, संपली की पुन्हा तेच. आमचे एक मामा पन्नाशीतच पार वाकले होते, म्हणून आई घाबरलीय. हा मणक्याचा संधिवातच असला, तर आत्ता धावपळ करून दहा-वीस वर्षांनी खरंच फरक पडतो का? की शेवटी वाकायचंच? प्रत्येक तपासणीला त्याचा खाडा होतो, म्हणून विचारतेय.

वायरमन_इचलकरंजी
ताई, फरक काय पडतो ते आमच्या घरातच बघायला मिळतं. एक मी, एक माझा पुतण्या.

माझं २३ व्या वर्षी सुरू झालं. असंच, पहाटेचं. कधी उजवा कुल्ला, कधी डावा. आधी सायटिका सांगितलं, मग गॅप, मग ट्रॅक्शन. कुणी म्हणालं पलंग सोड, तर वर्षभर जमिनीवर झोपलो. मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची आणि कामावर जायचं. नऊ वर्षं गेली. त्यात तीनदा डोळा लाल झाला. दोनदा डोळे आलेत म्हणून ड्रॉप घातले, तिसऱ्या खेपेला उजेडच सहन होईना, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळा तपासता तपासता विचारलं, "सकाळी कंबर धरते का हो?" आणि संधिवाततज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. नऊ वर्षांत पहिली चिठ्ठी, तीही डोळेवाल्यांकडून! रक्तात एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेली जनुकाची खूण) पॉझिटिव्ह, आणि एक्स-रेत कमरेखालचे दोन्ही सांधे जुळून गेलेले. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे हाच मणक्याचा संधिवात. डॉक्टर म्हणाले, सूज आवरता येईल, जुळलेलं हाड सुटं होणार नाही.

आता मी ४८ चा. दुखत नाही फारसं, पण मान वर होत नाही. धंदा वायरमनचा आणि छताकडे बघता येत नाही, बोला! गाडी रिव्हर्स घेताना सगळी भिस्त आरशावर. श्वास भरून छाती फुगवली तर टेप दोन सेंटिमीटर सरकते.

पुतण्या २१ चा होता, २०१७ ची दिवाळी. म्हणाला, काका, पहाटे झोपच लागत नाही. त्याच आठवड्यात माझ्याच डॉक्टरांकडे नेला. एक्स-रे साफ. एमआरआयमध्ये मात्र त्याच सांध्यांत हाडाच्या आत सूज. एटोरिकॉक्सिब ही सूज उतरवणारी गोळी आणि रोजचा व्यायाम. वर्षभरात म्हणावा तसा आराम पडला नाही, मग अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन ठरलं. त्याआधी अंगात दबलेल्या टीबीची तपासणी करतात, ती पॉझिटिव्ह निघाली. म्हणून महिनाभर आधी टीबीची गोळी, मग सुई. पंधरा दिवसांला एक. २०१४ च्या अखेरीला ते औषध देशी बनावटीचं निघालं, तरी आमच्या वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्याच. दोन वर्षांनी डॉक्टरांनी अंतर वाढवत महिन्यावर आणलं. एकदा याने आपल्या मनाने बंद केलं, तर दोन महिन्यांत पहाटेचं दुखणं दारात हजर. गेल्या वर्षीच्या एक्स-रेत त्याचा मणका सुटा आहे.

शंकेखोर
गोष्ट चांगली आहे, पण हा पुरावा नव्हे. पुतण्याचा आजार मुळातच सौम्य असेल तर? हा आजार असलेले सगळेच वाकत नाहीत. आणि बी२७ असलेल्या बहुतेकांना तर तो होतच नाही.

फिजिओ_सांगली
शंका रास्त आहे. पण मोठ्या गटांमध्येही हेच दिसतं की, आजाराला थोडीच वर्षं झालेली असताना ही इंजेक्शनं जास्त लागू पडतात. जर्मनीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर लक्ष ठेवलं, तेव्हा मणक्यांमध्ये हाडाचे पूल आधीच असलेले, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) चढलेला असलेले आणि सिगारेट ओढणारे यांचा मणका पुढे जास्त आखडत गेला. भाऊ ओढत असेल तर ती आजच बंद करा.

४५ च्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, पडून राहिल्यावर वाढणारी आणि चालल्यावर उतरणारी कंबरदुखी: चिठ्ठी मागायला एवढं पुरे. एक्स-रेत खूण उमटायला वर्षं लागतात. सीआरपी नॉर्मल आला म्हणून गाफील राहू नका. गोळीने झटकन उतरतं, हे तिथे आवर्जून सांगा. मामांचंही.

घरी टेप असेल तर कमरेवरच्या दोन खळ्यांच्या रेषेत एक खूण करा, तिच्या वर १० सेंटिमीटरवर दुसरी. गुडघे न वाकवता तो पुढे वाकला की ते अंतर १५ च्या आसपास जायला हवं.

वायरमन_इचलकरंजी
शंकेखोर साहेब, असेलही सौम्य. पण २०१७ ला ते कुणाला ठाऊक होतं? माझंही पहिली तीन-चार वर्षं सौम्यच वाटत होतं. काल एका बंगल्यात चार पंखे बसवले. वर तो, खाली मी स्टूल धरून स्क्रू देतोय.

कराडची_लेक
टेप लावली. १० चं १२ सुद्धा झालं नाही. पुण्यात मंगळवारची वेळ मिळालीय, खाडा तर खाडा. आणि दादा, तुमचं डोळ्यांचं वाचून आईला विचारलं. मामांचाही एक डोळा सारखा लाल व्हायचा म्हणे. घरात सगळे म्हणायचे, शेतातली धूळ गेली असेल.