ड्राय बाल्कनीत साप, गेटवर कोल्हा : ठाणे-नवी मुंबईकरांनो, तुमच्याकडे कोण येऊन गेलं?

मानपाडेकर (धागाकर्ता)

तर झालं असं. गेल्या जुलैत एका रात्री साडेनऊच्या सुमारास कपडे वाळत घालायला ड्राय बाल्कनीत गेलो. (हो, आमच्याकडे ते खातं माझं आहे.) वॉशिंग मशीनच्या पाइपाला काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. वाटलं, पाइप हलू नये म्हणून बायकोने परकराची जुनी नाडी बांधली असेल. ओढून बघायला हात पुढे केला आणि नाडीने जीभ बाहेर काढली.

आमचा पहिला मजला. मागे भिंत, भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे येऊरचा डोंगर. साप तपकिरी, अंगावर पिवळसर पांढरे पट्टे, जाडीला करंगळीएवढा. मी लांबून फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथेच चुकलो. पाच मिनिटांत अकरा निदानं. 'मण्यार आहे, लगेच मारा.' 'नागाचं पिल्लू, आई जवळपास असणार.' एका काकांनी तर हळद-मिठाचं पाणी शिंपडायला सांगितलं. वॉचमन काठी घेऊन दारात हजर. बायको मात्र शहाणी. तिने बाल्कनीचं दार लावलं, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन केला. पाऊण तासात सर्पमित्र आला. दारातूनच बघून म्हणाला, "कवड्या. बिनविषारी."

पिशवीत भरता भरता त्याने फरक सांगितला. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचं उलटं. अंग काळंभोर, चकचकीत, पट्टे बारीक आणि बहुधा जोडीजोडीने, मानेजवळ पुसट, शेपटीकडे स्पष्ट. ऐकून मी एकदम जाणकार झालो, ते त्याच्या लक्षात आलं असावं. "साहेब, चावून घेणारे सगळे ओळखणारेच असतात," म्हणाला. "तुम्ही आपलं दार लावा आणि फोन करा."

कवड्या आला होता पालींसाठी. पाली किड्यांसाठी, किडे ट्यूबलाइटसाठी. ट्यूबलाइट आमची, रात्रभर चालू. आता बंद असते.

तुमच्याकडे कोण आलं, काय केलंत, काय चुकलं, ते लिहा. विनंती एवढीच की घुबडाचं घरटं किंवा कोल्ह्याचं बीळ असेल तर नेमका पत्ता देऊ नका. दिवाळीच्या आसपास घुबडांना भलतंच गिऱ्हाईक असतं.

सिस्टर कळवा

धाग्यावर सापाने सुरुवात झालीच आहे तर आधी हे लिहून टाकते. मण्यारचा दंश दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, सकाळी तो माणूस पोटात दुखतंय म्हणत येतो, पापण्या मिटायला लागलेल्या असतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो. पावसाळ्यात खाली झोपत असाल तर मच्छरदाणी लावा आणि ती गादीखाली नीट खोचा. कोणताही साप चावला तर दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. तो भाग हलू न देता थेट मोठं सरकारी रुग्णालय गाठा. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. आणतात लोक. एकदा त्या पिशवीतला 'मेलेला' साप आमच्या टेबलावर चालायला लागला होता.

वाघबीळची मी

आमच्या नाक्याचं नावच वाघबीळ, मग पाहुणा कोण असणार!

फेब्रुवारीतली पहाट, पावणेसहा. दूध तापत ठेवलं होतं. खालची कुत्री रोज त्या वेळेला दूधवाल्यावर भुंकतात, त्या दिवशी अजिबात आवाज नाही. ती शांतताच विचित्र वाटली म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून डोकावले. मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर बिबट्या. आपली मांजर कट्ट्यावर बसते तसा पाय पोटाखाली घेऊन, शेपूट भिंतीवरून खाली सोडून. बाकी सगळा दगड, फक्त शेपटीचं टोक हलत होतं. मी यांना हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. किती वेळ गेला माहीत नाही. मग तो उठला आणि नाल्याच्या बाजूला उतरला. उडी म्हणवत नाही त्याला, तेल ओतावं तसा उतरला. इकडे दूध उतू जाऊन शेगडी विझलेली.

संध्याकाळी सोसायटीची तातडीची मीटिंग. विषय एकच, पिंजरा लावा. मागच्या गेटजवळ तळमजल्याच्या खानावळीचा कचरा उघड्यावर पडतो, त्यावर कुत्री पोसली जातात, हे मी उठून बोलले, तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, विषयाला धरून बोला."

जुन्नरकर (सध्या कासारवडवली)

वहिनी, तुम्ही विषयालाच धरून बोलत होता. मी मूळचा जुन्नरचा. २००१ ते २००३ या काळात आमच्याकडे बिबटे धरून दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडण्याचा सपाटा लावला होता. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. विद्या अत्रेय यांनी यावर अभ्यास केला. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतोच. वनखात्याची माणसं पिंजऱ्याला पटकन तयार होत नाहीत ती आळसाने नव्हे. जो बिबट्या वर्षानुवर्षं तुमच्या मागच्या भिंतीवरून गुपचूप जातोय, त्याला तुमची सवय आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २०१८ साली कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत ४७ बिबटे मोजले गेले. उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं. म्हणजे ते आपल्याला भेटतात त्यापेक्षा टाळतातच जास्त.

समतानगर

२० फेब्रुवारी २०१९ आठवतोय का कुणाला? पहाटे आमच्या इथल्या मॉलच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला आणि मग जवळच्या हॉटेलच्या तळघरात सापडला. बेशुद्ध करून नेला. मी ऑफिसला दांडी मारून बघायला गेलो होतो, आज कबूल करतो. बिबट्या दिसलाच नाही, माणसांची डोकी दिसली. वनखात्याचे लोक हात जोडून 'मागे सरका' म्हणत होते आणि आम्ही पुढे सरकत होतो.

शेरूची आई

सगळं वाचलं. समजतंही. पण सहजीवनाचं कौतुक ऐकायला मला जरा जड जातं. आमचा शेरू बंगल्याच्या व्हरांड्यात बांधलेला होता. सकाळी साखळी होती आणि गळ्यातला पट्टा. चूक आमचीच, रात्री आत घ्यायला हवा होता, हे मला दहा जणांनी सांगून झालंय. अकरावे होऊ नका, प्लीज.

मानपाडेकर

ताई, नाही होणार.

रातपाळी

ऐरोलीत नोकरी, सीवूड्सला घर, सुटायची वेळ पहाटे तीन. कंपनीची कॅब पामबीचवरून जाते. खाडीच्या बाजूच्या झुडपातून एक 'कुत्रा' निघाला, रस्त्याच्या मधोमध थांबून गाडीकडे बघितलं आणि दुडक्या चालीने पलीकडे गेला. ड्रायव्हर म्हणाला, "सर, वो कुत्ता नहीं." शेपूट झुपकेदार, टोकाला काळं, तोंड निमुळतं. कोल्हा! खारफुटीत कोल्हे राहतात हे मला तीस वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. खेकडे, उंदीर, मासे, पडलेली फळं, सगळं चालतं त्यांना.

कोल्हेकुई तर त्याआधीच ऐकली होती, तीही थंडीत मध्यरात्री. खाली कुणाचं तरी तान्हं बाळ रडतंय असं वाटून आम्ही दोघं टॉर्च घेऊन उतरलो होतो. एक रडायला लागलं की दुसरं, मग तिसरं. वॉचमन शांतपणे म्हणाला, "रोजचं आहे."

आता तक्रार. आमच्या गेटवर काही हौशी मंडळी उरलेली चिकन बिर्याणी ठेवतात, व्हिडिओ काढायला. त्यामुळे कोल्हा आणि भटकी कुत्री एकाच ताटाला लागतात. कुत्र्याचे आजार त्याला, त्याचे कुत्र्याला, रेबीजसकट. चावला किंवा नुसतं ओरबाडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि लस घ्यायची. सिस्टर, बरोबर ना?

सिस्टर कळवा

बरोबर. त्याच दिवशी घ्यायची, सोमवारची वाट बघायची नाही.

घणसोलीची नात

आम्ही आगरी, घणसोली गावातले. आता गावाला चारी बाजूंनी सेक्टर लागलेत, पण आजोबांचं सगळं आयुष्य खाडीत गेलं. लोक विचारतात, तुमच्या आजोबांनी तर पूर्वीपासून फ्लेमिंगो बघितले असतील ना? नाही हो! त्यांच्या तरुणपणी हे पक्षी असे थव्यांनी नव्हतेच. नव्वदीच्या दशकात यायला लागले आणि मग वाढतच गेले. पहिल्यांदा एवढा मोठा गुलाबी थवा बघून ते होडी तशीच सोडून बसले होते म्हणे.

हे पक्षी का वाढले, तर खाडी गाळाने उथळ झाली आणि आपल्या शहरांचं सांडपाणी तिच्यात येतं. त्या सांडपाण्यावर शेवाळ माजतं आणि लहान रोहित म्हणजे छोटा फ्लेमिंगो तेच शेवाळ गाळून खातो. गुलाबी रंगही त्या शेवाळातूनच येतो. ज्या पाण्याने आमची मासळी गेली त्याच पाण्यावर पाहुणे पोसले. आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. घरात पेढे वाटले नाहीत कुणी.

पण मला लिहायचंय निवट्यांबद्दल. फ्लेमिंगो बघायला गेलात तर ओहोटीला पायाखालच्या चिखलाकडेही बघा. बोटभर लांबीचा, चिखलाच्याच रंगाचा मासा, डोळे बेडकासारखे डोक्यावर. पुढच्या दोन परांवर रेटा देत कुबड्या घेतल्यासारखा चालतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर पंख्यासारखा फटकन उघडतात, तोंडं वासतात, आणि तुमची सावली पडली की दोघेही एका क्षणात बिळात. मासा असून पाण्याबाहेर राहतो, कातडी ओली असेपर्यंत त्याला चालतं. आजी त्यांना राखेत घोळून चोळायची, नाहीतर हातात ठरत नाहीत, आणि मग आंबट करायची. परवा खाडीवर एका छोट्या मुलाने बाबांना विचारलं, "हा पाल आहे का?" बाबा म्हणाले, "हो."

नेरूळ, पाचवा मजला

घणसोलीच्या नातीला दंडवत. आमच्याकडे मात्र फ्लेमिंगोच आला, तोही पार्किंगमध्ये. एप्रिल, रात्री अकरा. दोन स्कूटरच्या मध्ये एका पायावर उभा, बहुतेक दिव्यांनी गोंधळून उतरला असावा. फोटोत दिसतो तेवढा गुलाबी नसतो, मळक्या पांढऱ्या चादरीवर कुंकू सांडलं तर दिसेल तसा. पण पंख उघडला की आतून लालभडक आणि कडेने काळा. वॉचमनने स्वतःची चादर हळूच टाकली, आम्ही मोठ्या खोक्याला भोकं पाडली. वनखात्याला फोन केला, त्यांनी सांगितलं की पाणी पाजू नका, पाय फार वेळ दुमडून ठेवू नका, अंधार ठेवा. म्हणून खोकं उभं केलं. त्यांची गाडी येईपर्यंत चादर पांघरलेल्या त्या खोक्याभोवती आम्ही सात जण कुजबुजत उभे, बारशाला पाळण्याभोवती असतात तसे.

कोलशेत

आमच्या खिडकीवर रोज सकाळी सात वाजता टकटक. राखी धनेश, नर. काचेत स्वतःला बघतो आणि प्रतिस्पर्धी समजून भांडतो. काचेला बाहेरून वर्तमानपत्र लावलं, भांडण संपलं. आता शेजाऱ्यांच्या काचेवर चालू आहे.

उपवन रहिवासी

माकडांबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? आमच्या लाल तोंड्याने स्वयंपाकघरातून शेंगदाण्याच्या चटणीची बरणी नेली, एसीच्या बाहेरच्या डब्यावर बसून झाकण फिरवून उघडली, चव घेतली, तिखट लागली आणि बरणी फेकली. खाली पार्क केलेल्या गाडीच्या काचेवर. नुकसानभरपाई कुणाकडे मागायची? शनिवारी तळ्याच्या रस्त्यावर गाड्या थांबवून केळी वाटणाऱ्यांकडेच मागायला हवी.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी येऊरच्या पाड्यावरच्या, वारली. त्यांच्याकडे वाघोबाला शेंदूर लावतात, वाघबारसेला नारळ देतात. मी त्यांना वाघबीळचा किस्सा सांगितला. त्या भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "भिंतीवर बसला होता? मग दमला असंल."

खारघर, शेवटचा मजला

अनुभव नाही, प्रश्न आहे. मागे डोंगर. दोन महिन्यांपासून रात्री दोनच्या सुमारास फॉल्स सीलिंगवर कुणीतरी चालल्यासारखा आवाज येतो. उंदीर नाही, पाऊल जड आहे. गच्चीत काळी लेंडी, तिच्यात अख्ख्या बिया. पण सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे कधी कधी घरभर बासमती भात शिजत असल्यासारखा वास येतो. गॅस बंद, सगळे झोपलेले. सासूबाईंचं म्हणणं, घरातलं कुणीतरी गेलेलं माणूस आहे, भाताला आलंय. त्या रोज गच्चीत केळं ठेवतात आणि सकाळी केळं नसतं.

मानपाडेकर

उदमांजर! कांडेचोरही म्हणतात. फळं खातं, बिया तशाच टाकतं, आणि त्याच्या अंगाच्या वासालाच बासमतीची उपमा देतात. पिल्लं असू शकतात, त्यामुळे जायची वाट आत्ताच बुजवू नका. आधी १९२६ ला विचारा. आणि केळं बंद करा.

खारघर, शेवटचा मजला

बापरे, थँक्यू. नवऱ्याला दाखवलं, तो हसून लोळतोय. पण केळं बंद करायचं म्हणजे सासूबाईंना सांगावं लागणार. काल त्यांनी केळ्याशेजारी तपकिरीची डबी ठेवली होती, सासरे ओढायचे म्हणून. कसं सांगू?