शब्दचर्चा : 'बधिरांध' म्हणावं की 'अंध-बधिर'?

माझ्या भाच्याला अशर सिंड्रोम आहे, दुसऱ्या प्रकारचा. म्हणजे जन्मापासून ऐकू कमी येतं आणि पुढे हळूहळू नजरही कमी होत जाते. कानाला मशीन लहानपणापासूनच. नववी-दहावीत असताना तो दिवेलागणीला उंबऱ्याशी ठेचकाळायला लागला. आता 19 वर्षांचा आहे. गावाकडच्या नातेवाइकांसाठी मराठीत दोन पानं माहिती लिहायला बसले आणि 'डेफब्लाइंड'पाशीच अडले. अंध-बधिर, बधिरांध, मूकबधिर-अंध असं तिन्ही वाचायला मिळतं. मूक तर तो मुळीच नाही, दिवसभर बोलत असतो.

दुसरी अडचण 'पडदा' या शब्दाची. डॉक्टर म्हणाले, "पडद्याचा आजार आहे." कानाचं दुखणं आधीपासूनचं, त्यामुळे वहिनीला वाटलं कानाचाच पडदा. डोळ्याच्या तपासणीला त्यात कित्येक महिने उशीर झाला. डोळ्याच्या पडद्यासाठी मी 'दृष्टिपटल' लिहिलं, तर ते घरात कुणाला कळेना.

प्रतिसाद :

ताई, मी कर्णबधिर मुलांना शिकवते. माझं मत 'बधिरांध'ला. बधिर अधिक अंध, सरळ संधी. इंग्रजीतही पूर्वी मध्ये जोडरेघ असायची. ती काढून एकच शब्द करा, असा आग्रह इटलीतल्या साल्व्हातोरे लागाती यांनी 1990च्या दशकात धरला. ऐकू येत नाही तो डोळ्यांनी ओठ आणि खुणा वाचतो. दिसत नाही तो कानांवर विसंबतो. दोन्ही गेलं की एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढायची सोयच उरत नाही. ही दोन अपंगत्वांची बेरीज नव्हे, वेगळीच अवस्था आहे, म्हणून वेगळा शब्द. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मात्र तिला स्वतंत्र जागा नाही, बहुविकलांगतेत तिचा समावेश केला आहे.

एक गोष्ट मलाही खटकते. मराठीत 'बधिर'चा दुसरा अर्थ संवेदना गेलेला. दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करतात. 'कर्णबधिर'मध्ये त्या 'कर्ण'मुळे अर्थ नेमका राहतो, 'बधिरांध'मध्ये तो गळतो. आणि या मुलांचा तर सगळा भरवसा स्पर्शावर! तळहातावर बोटाने अक्षर काढलं तरी वाचणाऱ्या मुलाला बधिर म्हणताना जीभ अडखळते. तरी दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

प्रतिसाद :

'रातांधळेपणा' लिहिणार असाल तर पुढे खुलासा जरूर करा. आपल्याकडे हा शब्द ऐकला की गाजर, शेवग्याचा पाला, कलेजी सुरू होते, कारण तो जीवनसत्त्व 'अ'च्या कमतरतेशी जोडला गेलाय. इथे दृष्टिपटलातल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आधी मरतात. मग नजर कडेने आत आत आक्रसत जाते. खाण्यात काही चुकलं म्हणून हे होत नाही, हे आईला स्पष्ट सांगायला हवं.

डोळ्याच्या या विकाराचं इंग्रजी नाव 'रेटिनायटिस पिग्मेंटोसा'. त्यातल्या 'रेटिनायटिस'साठी 'दृष्टिपटलशोथ' वापरू नका. शोथ म्हणजे सूज आणि मूळ विकार सुजेचा नाहीच. जुनं नाव तसंच चालत आलंय. 'अशर' हे मात्र विशेषनाम आहे, ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांचं. हा विकार घराण्यात उतरतो हे त्यांनी 1914 साली ठासून मांडलं.

मूळ धागाकर्ती :

दोघांचेही आभार. 'घराण्यात उतरतो' वाचून थबकले, कारण वहिनीला नेमकं तेच ऐकावं लागलं : तुझ्या माहेरचा दोष. म्हणून 'आनुवंशिक' नुसतं लिहिणार नाही. जनुक अप्रभावी असतं, आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच मूल बाधित होतं आणि दर खेपेला ती शक्यता 25 टक्के असते, हे पूर्ण वाक्यच लिहीन. वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसतो. "आमच्यात कुणालाच नाही" हे म्हणूनच दोन्ही घरी खरं होतं. 'जन्मजात'ही खोडलं. ऐकण्याचं जन्मापासून आहे, पण दिसण्याचं नंतर उघड झालं.

'पडदा' ठेवते, दर वेळी आधी 'डोळ्याचा' लावून. कंसात दृष्टिपटल. 'बधिरांध' भाच्याला दाखवला. त्याने तो दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि म्हणाला, "कागदावर असू दे. लोकांना मी सांगतो : मला कडेचं दिसत नाही, समोर येऊन बोला." हे वाक्य पहिल्या पानावर घेतलंय.