खर्च भागल्यानंतरचे प्रश्न
मुलाच्या कर्करोगावरील उपचाराचा खर्च भागला की कुटुंबाची निम्मी चिंता मिटते, असे म्हटले जाते. ते खरे असले, तरी उरलेली निम्मी चिंताच अनेकदा उपचार अर्ध्यावर सोडायला लावते. मुलांना होणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण २ ते ३ वर्षे चालतात, आणि गावाहून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या आईवडिलांना एवढा काळ मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्समध्ये अशा कुटुंबांना विनामूल्य खोली मिळते, स्वतः स्वयंपाक करता येतो आणि समुपदेशनही मिळते. शेजारी भाकरी थापणाऱ्या दुसऱ्या आईने ‘आमच्या पोराचेही केस गेले होते, आता परत आलेत’ एवढे सांगितले, तरी केवढा धीर येतो! मला तो समुपदेशनाइतकाच मोलाचा वाटतो.

मात्र गावी आजीजवळ ठेवलेल्या भावंडाचा विचार फार कमी होतो. त्याला खरे कारण कोणी सांगत नाही, आणि आपण भांडलो म्हणूनच ताई आजारी पडली, असे ते मनाशी धरून बसू शकते. आजारी मुलाला आणि त्याच्या भावंडांना, त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत, आजाराचे नाव सुरुवातीलाच सांगावे, असा माझा आग्रह आहे.