मॉडेल ए रोडस्टरसाठी इंजिन: ८बीए फ्लॅटहेड की २८३ शेव्ही?

ओहायोकर:
१९३० ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर आहे. बॉडी उतरवली आहे, चेसिस मूळची, जुनं चार सिलिंडरचं ४० अश्वशक्तीचं इंजिन काढून ठेवलं आहे. गाडी १९५०च्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या हॉट रॉडसारखी (जुनी गाडी, आत ताकदवान इंजिन) दिसायला हवी. बॉनेट लावणार नाही, म्हणजे इंजिन उघडंच दिसणार. दोन इंजिनं डोळ्यांसमोर आहेत: एक फोर्डचं ८बीए फ्लॅटहेड व्ही-८, विकणारा म्हणतो "हाताने फिरतंय", दुसरं २८३ शेव्ही, म्हणजे शेव्हरोलेचं २८३ घनइंचांचं व्ही-८. मागे एस-१० पिकअपचा टी-५ गिअरबॉक्स आणि फोर्डचा ८ इंची रिअर अ‍ॅक्सल. हायवेवर ताशी ६५ मैल निवांत चालली पाहिजे. कुठलं घेऊ? आणि इंजिन चेसिसला धरणारे माउंट कुठे मारू?

सपाटडोकं:
हाताने फिरतंय म्हणजे जाम नाही, एवढंच कळतं. फ्लॅटहेडमध्ये खरा प्रश्न ब्लॉकला तडा आहे का, हा. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या शेजारी. त्यात एक्झॉस्टचा धूर ब्लॉकच्या आतून, पाण्याला खेटून बाहेर पडतो आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच तोंड. म्हणून तिथे तापतं आणि व्हॉल्व्ह सीटपासून बोअरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या भोकापर्यंत, चीर जाते. हेडच्या बोल्टच्या भोकापासून पाण्याच्या छिद्रापर्यंतची बारीक चीर पिना ठोकून शिवता येते. सीट ते बोअर गेली असेल तर स्लीव्ह, नवी सीट आणि बराच खर्च.

तेव्हा क्रम असा: हेड काढा, ब्लॉक रिकामा करा, केमिकलच्या टाकीत धुवा, चीर दाखवणारी मॅग्नेटिक टेस्ट, मग प्रेशर टेस्ट. बोअरिंगचा पैसा त्यानंतरच. धुताना वॉटर जॅकेटमध्ये लांब तार घालून कोपरे खरवडा. ओतकामाची वाळू आणि गंज तिथे वर्षानुवर्षं बसून असतात. लोक इंजिन गरम होतं म्हणून रेडिएटर बदलत बसतात, आणि वाळू आतच.

८बीए जुन्या चेसिसमध्ये बसवताना ट्रकचे वॉटर पंप घ्या, त्यांनाच माउंटचे पाय असतात. कारच्या पंपांना नाहीत. रेडिएटरला वर दोन आणि खाली दोन तोंडं हवीत, कॅप ४ पौंड दाबाची. हेडचे बोल्ट पाण्यात उघडतात, आट्यांना सीलंट लावल्याशिवाय घट्ट करू नका. बोअर ३ ३/१६ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ ३/४, म्हणजे २३९ घनइंच. मर्क्युरीचा ४ इंच स्ट्रोकचा क्रँक मिळाला तर २५५ होतात.

दोन_बॅरल:
उघडं इंजिन दिसायला फ्लॅटहेडसारखं दुसरं नाही, मान्य. पण ६५ मैल निवांत आणि खिशाला झेपेल असं हवं असेल तर २८३. तेही १९५७ पासूनचं इंजिन आहे, काळाशी विसंगत नाही.

फक्त २८३ म्हणून शेव्हीचंच ३०७ घनइंचवालं गळ्यात पडू देऊ नका. दोघांचा बोअर तोच, ३.८७५ इंच, फरक स्ट्रोकमध्ये, २८३ चा ३ आणि ३०७ चा ३.२५. त्यामुळे नुसता बोअर मोजून कळत नाही. ब्लॉकच्या मागच्या फ्लँजवरचा कास्टिंग नंबर वाचा, स्ट्रोक मोजा. हेडच्या टोकाला अ‍ॅक्सेसरीची भोकं असतील तर ती १९६९ पासूनची. जुन्या रूपात ती लगेच खटकतात. वॉटर पंप आखूड, एक्झॉस्टचं मॅनिफोल्ड रॅम्स हॉर्न, म्हणजे मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं. या मॅनिफोल्डला स्टिअरिंग बॉक्सही सहसा आडवा येत नाही.

१९५५-५७ च्या ब्लॉकला बाजूचे माउंट नाहीत, पुढेच पकडावं लागतं. १९५८ पासून बाजूलाही आहेत. नवा फ्लॅट टॅपेट (सपाट बुडाच्या टॅपेटचा) कॅम टाकलात तर पहिल्यांदा चालू केल्यावर २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा, झिंकवालं ऑइल घालून. आयडलवर सोडलंत तर कॅमचा लोब (उंचवटा) खाल्लाच म्हणून समजा.

ओळंबा:
माउंटबद्दल. वेल्डिंगची घाई नको. आधी टायर, स्प्रिंगा, रेडिएटर आणि फायरवॉल (इंजिनामागचा आडवा पत्रा) जागेवर. गाडी चालवताना जितकी उंच राहणार तितक्यावरच उभी करा, नाकाकडे झुकणार असेल तर तेवढी झुकवून. मग रिकामा ब्लॉक, हेड, इनटेक, बेलहाउसिंग आणि गिअरबॉक्स चेन पुलीने आत सोडा.

कार्ब्युरेटर बसतो ती जागा लेव्हलमध्ये आली की क्रँक साधारण ३ अंश मागे उतरतो. रिअर अ‍ॅक्सलचा पिनियन, म्हणजे शाफ्ट जोडला जातो ते टोक, त्याच्याशी समांतर ठेवा, म्हणजे दोन्ही युनिव्हर्सल जॉइंटचे कोन सारखे राहतात, १ ते ३ अंशांत. शून्य ठेवू नका, जॉइंटमधल्या नीडल बेअरिंग एकाच जागी घासून खड्डे पडतात. इंजिन इंचभर बाजूला सरकलं तरी चालतं, फक्त पिनियनच्या मध्यरेषेला समांतर हवं. दोन्हीकडे ओळंबे सोडून जमिनीवर खडूने रेघा मारा.

शेव्हीचा डिस्ट्रिब्युटर मागे असतो, मॉडेल एमध्ये तो फायरवॉलला भिडतो. कॅप काढता आली म्हणजे झालं असं नाही, अख्खा डिस्ट्रिब्युटर वर उपसता आला पाहिजे. पुढे पंखा आणि रेडिएटरमध्ये निदान १ इंच. दोन्ही जमत नसेल तर फायरवॉल आत ढकला, रेडिएटर पुढे नेऊ नका, गाडीचा चेहरा बिघडतो.

चेसिसच्या पट्ट्या उघड्या सी आकाराच्या आणि पातळ आहेत, व्ही-८ चा पीळ त्यांना सोसत नाही. आतून पत्रा लावून बॉक्स करा. एका बाजूला इंचभर, मग समोरच्या बाजूला इंचभर, असं उड्या मारत वेल्ड करा, नाहीतर चेसिस केळं होते. बेलहाउसिंगचं भोक क्रँकशी डायल गेज लावून तपासा, पाच थाऊपेक्षा (इंचाचे पाच हजारांश) जास्त लंगडत असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं पायलट बेअरिंग टिकणार नाही. आणि मूळचे दांड्यांचे ब्रेक काढूनच टाका. १९३९ पासूनचे हायड्रॉलिक फोर्ड ब्रेक हवेत.

ओहायोकर:
मग २८३. ८बीएवाला हेड उघडू द्यायला तयार नाही. २८३ वर तीन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर चालतील का?

दोन_बॅरल:
चालतील. प्रोग्रेसिव्ह लिंकेज घाला, रोजचं काम मधल्यावरच होतं, बाकीचे दोन पाय दाबल्यावर उघडतात. पण २८३ चा मेकॅनिकल पंप ५ पौंडांच्या वर दाब देतो आणि ९७ मधली पेट्रोल अडवणारी नीडल अडीच-तीन पौंडांच्या पुढे धरत नाही. पेट्रोल बाहेर वाहून थेट गरम मॅनिफोल्डवर येतं. रेग्युलेटर आणि गेज दोन्ही बसवा. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरची पाती आयडलला पूर्ण मिटतात का ते उजेडासमोर धरून बघा. तिथून हवा ओढली तर ट्यूनिंग कधीच लागणार नाही.