नाइटला मराठीत काय म्हणायचं?

बाराव्या शतकातल्या फ्रेंच वीरकथांवर एक लेख लिहितेय आणि शीर्षकातच अडकलेय. 'शिव्हॅल्रिक रोमान्स'ला, म्हणजे नाइट या घोडेस्वार योद्ध्यांच्या कथांना, 'शौर्यप्रणयकथा' म्हटलं तर वाचणाऱ्याला बागेतली गाणी आठवणार. नाइटला 'सरदार' चालेल का?

प्रतिसाद
रोमान्स या शब्दात मुळात प्रेम नाहीच! जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमांझ' म्हणजे लॅटिन नव्हे, लोक बोलतात ती भाषा. आपल्याकडे 'प्राकृतात केलं' म्हणत, तसंच. त्या भाषेत रचलेल्या कथांनाच पुढे ते नाव चिकटलं. आज फ्रेंचमध्ये 'रोमाँ' म्हणजे चक्क कादंबरी. आपण तरी काय वेगळं केलं? बाणभट्टाच्या नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलं. हळब्यांच्या 'मुक्तामाला' या कादंबरीला (१८६१) समीक्षक 'अद्भुतरम्य' म्हणतात, तो शब्द इथे बसेल.

प्रतिसाद
सरदार नको, ते फार वरचं पद झालं. नाइटसाठीचा फ्रेंच 'शव्हालिए' हा शब्द घोड्यावरून आलाय, म्हणून 'शिलेदार' घ्या. घोडा स्वतःचा, हत्यारं स्वतःची. (घोडा सरकारी असेल तो बारगीर.) इंग्रजी 'नाइट' तर मुळात पोरगा, चाकर, जर्मनमधला त्याचा भाऊ 'क्नेख्ट' अजून चाकरीतच आहे.

प्रतिसाद
आणि शिव्हॅलरी, म्हणजे नाइटची रीत? कोशात 'स्त्रीदाक्षिण्य' सापडतं, पण जपून. आपल्या काव्यशास्त्रातला 'दक्षिण' नायक सगळ्या नायिकांशी सारख्याच गोडीने वागतो. फ्रेंच कथांमधल्या आर्थर राजाच्या नाइटांत तसा कोणी असेल तर गॉवेन. लान्सलॉट एकीचाच, म्हणजे 'अनुकूल' नायक. फक्त ती एक आर्थर राजाची राणी आहे, एवढीच अडचण!

मूळ प्रश्नकर्ती
हे भारी आहे. पण मग 'शौर्य'सुद्धा अपुरं पडतं. क्रेतियें द त्र्वा या बाराव्या शतकातल्या फ्रेंच कवीच्या कथेत पळवून नेलेल्या ग्विनेव्हिअर राणीला शोधत लान्सलॉट निघतो. वाटेत एक खुजा गाडीवान म्हणतो, गाडीत बस, राणीचा पत्ता कळेल. ती गाडी गुन्हेगारांची धिंड काढायची. लान्सलॉट दोन पावलं कचरतो, मग चढतो. पुढे तलवारीच्या धारेसारख्या पुलावरून उघड्या हातापायांनी रांगत जातो, रक्तबंबाळ होतो. राणी भेटते, ती तोंड फिरवूनच. का, तर ती दोन पावलं. पूल हिशेबातही नाही! म्हणजे परीक्षा लढाईची नव्हतीच. अब्रू आधी की प्रेम आधी, एवढंच विचारलं होतं. त्यामुळे 'अद्भुतरम्य शिलेदारकथा' हे पक्कं करते, शौर्य शीर्षकातून बाद.

प्रतिसाद
शिलेदार म्हणताय खरं, पण त्याचा स्वतःचा घोडा त्याआधीच धावून धावून मेलेला असतो. दुसरा गॉवेनकडून घेतलेला, तोही मरतो. गाडीपाशी पोचेपर्यंत बिचारा शिलेदार राहिला नव्हता आणि धड बारगीरही नव्हता.