कागद मंत्र्यापर्यंत कधी पोहोचला, ते आधी शोधा

सार्वजनिक घरांचा अहवाल अस्तित्वात असताना मंत्र्याने ‘असा कागदच नाही’ असं संसदेत सांगितलं, तर चुकीचं बोलणं एवढ्यावरच हक्कभंग सिद्ध होतो, हे मत मला पटत नाही. संताप रास्त आहे. वर्षानुवर्षं घराची वाट बघणाऱ्यांचा प्रश्न आहे हा. पण वेस्टमिन्स्टर, म्हणजे ब्रिटिश धाटणीच्या, पद्धतीच्या संसदेत खरा कस लागतो तो ‘जाणूनबुजून’ या शब्दावर.

म्हणून कागदाचा मजकूर वाचून थांबू नका, त्याचा माथा बघा. तारीख कोणती, प्रत कुणाकुणाला, आवक शिक्का कधीचा, शेऱ्याखाली सही कुणाची? ब्रिटनमध्ये 2018 साली गृहमंत्री अँबर रड यांनी स्थलांतरितांना परत पाठवण्याची उद्दिष्टं नाहीत, असं संसदीय समितीला सांगितलं होतं. पुढे अशा उद्दिष्टांचा उल्लेख असलेलं, त्यांच्या कार्यालयाला प्रत गेलेलं टिपण बाहेर आलं. अनवधानाने दिशाभूल झाली, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्या टिपणात काय होतं याइतकंच ते कुणाकडे गेलं हेही महत्त्वाचं ठरलं.

आणि चूक कळल्यावर मंत्र्याने सभागृहात दुरुस्ती केली का? कळूनही गप्प बसला असेल, तर माझ्या मते तोच सर्वांत भक्कम पुरावा.