बदकांच्या शिकारीला लॅब्रॅडॉरऐवजी स्टँडर्ड पूडल चालेल का?

पाणथळ: टिपलेलं बदक पाण्यातून आणायला स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या आकाराचा पूडल घ्यायचा विचार आहे. घरात केस गळायला नकोत, म्हणून. पाणी गार असतं. जमेल का?

रानवारा: का नाही? पूडल मुळात पाण्यातलाच कुत्रा, नटवला तो नंतर. फक्त डॉग शोच्या वंशावळीतलं पिल्लू घेऊ नका. आईवडिलांना पाण्यात काम करताना बघा आणि त्यांच्या मागच्या सांध्यांचे एक्स-रे मागा. खरी कटकट केसांची. लांब ठेवले तर कुसळं अडकतात, गुंता होतो, पाणी धरून राहतं आणि कुत्रा कुडकुडत बसतो. पार भादरले तर ऊबच जाते. मोसमात दोन-तीन सेंटीमीटर बरे.

डुबकी: गार पाण्याला 5 मिलिमीटर जाडीचं निओप्रीन (ऊब धरणारं रबर) जॅकेट घाला. सैल असेल तर आत पाणी भरतं, बुडालेल्या फांदीत अडकतं. काखेत काचत नाही ना, तेही बघा, तिथेच सोलवटतं. पोहून आल्यावर कान आतून कोरडे करा, लोंबत्या कानांत संसर्ग लवकर होतो.

पाणथळ: होडी लहान आहे. बॉयकिन स्पॅनियल हा छोटा शिकारी कुत्रा कसा?

डुबकी: होडीला उत्तम, बदकांनाही पुरेसा. पण जखमी कॅनडा गूज (मोठा रानहंस) त्याला पंखांनी बडवून काढेल. शिवाय त्याचे केस गळतात, म्हणजे तुमची मूळ अटच मोडली.

रानवारा: पूडलच घ्या. मात्र त्याच्यावर ओरडू नका, बिचकतो. बंदुकीचा आवाजही लांबून, खेळण्यात रमलेला असतानाच ऐकवा. दचकला की अंतर वाढवा.